मातेरा : गुहांतून फ्लॅटमध्ये गेलेलं गाव

"तुम्ही इटलीला जाऊन आलात ना, मग स्मरणिकेसाठी त्यावरच लिहा," असं कमिटीचं फर्मान आलं तेव्हा मी जरा विचारात पडलो. रोम, व्हेनिस आणि पिसाचा कलता मनोरा आपल्या सोसायटीतल्या निदान दहा-बारा कुटुंबांनी पाहिलेला आहे. त्यांचे फोटोही आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन गेले आहेत. त्यात मी आणखी काय भर घालणार? म्हणून आपल्याकडच्या सहली सहसा जिथे नेत नाहीत, अशा एका जुन्या गावाबद्दल लिहितो. गावाचं नाव मातेरा. हेच गाव निवडायला आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

इटलीचा नकाशा म्हणजे बूट, हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामध्ये जो खळगा आहे, त्या भागाला बासिलिकाता म्हणतात. डोंगराळ, कोरडा आणि कित्येक पिढ्या गरिबीत राहिलेला हा प्रदेश. आमची मुलगी नोकरीनिमित्त मिलानला असते. जावईबापूंनी सांगितलं, "बाबा, उत्तरेकडचं सगळे बघतात, तुम्ही खाली जा." म्हणून मी आणि आमच्या सौ. बारी या बंदराच्या शहरात उतरलो. आम्ही गेलो तेव्हा देशाची मुख्य रेल्वे मातेराला पोचलेली नव्हती. बारीहून छोट्या मापाच्या रुळांवरची एक स्वतंत्र गाडी जाते. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा तिचे रूळ थोडे रुंद, डबे मात्र अगदी नवे. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आणि गव्हाची रिकामी शेतं बघत आम्ही दुपारी पोचलो.

स्टेशनाबाहेर पडल्यावर सौ. म्हणाल्या, "हे बघायला एवढं लांब आणलंत?" कारण समोर साधं गाव. दुकानं, बँक, चारमजली इमारती. मोठ्या चौकात आलो, तिथे एका बाजूला कमानी होत्या. त्या कमानीतून खाली नजर गेली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. पायाखाली एक अख्खं दुसरं गाव होतं. करड्या-पिवळ्या दगडाची शेकडो घरं एकावर एक उतरत दरीच्या कडेपर्यंत गेलेली. एका घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराची गल्ली. दरीच्या तळाशी ग्राविना नावाची छोटी नदी, आणि पलीकडच्या कड्यावर गुहांची काळी तोंडं.

या खालच्या गावाला 'सासी' म्हणतात. सासी म्हणजे दगड, धोंडे. त्याचे दोन भाग आहेत, सासो कावेओसो आणि सासो बारिसानो. दोहोंच्या मध्ये उंचवटा आहे, त्यावर तेराव्या शतकातलं कॅथीड्रल उभं आहे. इथला दगड मऊ चुनखडीचा, हत्याराने सहज कापला जातो. लोकांनी आधी कड्यातल्या नैसर्गिक गुहा वापरल्या, मग त्या आत खणून वाढवल्या. खणून निघालेल्या दगडाच्याच चिरा करून पुढे भिंत आणि दर्शनी खोली बांधली. म्हणजे बाहेरून घर आणि आतून गुहा. या परिसरात माणूस अश्मयुगापासून राहत आला आहे. मध्ययुगात ख्रिस्ती साधूंनी आणि जोगिणींनी खडकात देवळं खोदली. गावात आणि आसपास मिळून अशी दीडशेहून जास्त खडकातली चर्च आहेत. आतल्या भिंतींवर संतांची चित्रं अजून दिसतात. सौ. म्हणाल्या, "हे तर आपलं वेरूळ!" खडक कोरण्यापुरतं ते खरं आहे. पण वेरूळला आपण बघायला जातो. इथे १९५० पर्यंत हजारो शेतकरी आणि मजूर बायकामुलांसह संसार करत होते.

मला सगळ्यात आवडलं ते पाण्याचं काम. मी आपल्या सोसायटीत तीन वर्षं पाणी कमिटीवर होतो, त्यामुळे माझी नजर तिथेच जाणार! डोंगरावर पाऊस बेताचा आणि नदी खोल दरीत, उपसून आणणं अशक्य. म्हणून छपरांवरून, गल्ल्यांमधून वाहणारं पावसाचं पाणी बारीक पन्हळींनी गोळा करायचं आणि घराखाली खोदलेल्या घंटेच्या आकाराच्या टाक्यांत साठवायचं. कातळ पाझरू नये म्हणून आतून चुना आणि खापराच्या चुऱ्याचा गिलावा. वरच्या मोठ्या चौकाखाली एक प्रचंड सार्वजनिक टाकं आहे, त्याचं नाव पालोम्बारो लुंगो. एकोणिसाव्या शतकातलं हे काम, पंधरा मीटरहून खोल, आणि मावतं जवळजवळ ५० लाख लिटर. आपल्याकडे मे महिन्यात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर पाचशे टँकर! नळाचं पाणी आल्यावर लोक हे टाकं विसरून गेले. १९९१ मध्ये चौकाचं काम चालू असताना ते पुन्हा सापडलं. आम्ही त्यात जिन्याने उतरलो. गिलाव्यावर पाण्याच्या रेघा अजून आहेत.

मग एवढ्या हुशारीने वसवलेल्या गावाची दुर्दशा का झाली? १६६३ ते १८०६ मातेरा हे बासिलिकाताच्या राजधानीचं ठिकाण होतं. पैसेवाले लोक हळूहळू वरच्या सपाटीवर वाडे बांधून राहायला गेले. पुढे राजधानीही पोतेन्झाला हलली. खाली राहिले ते दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे. लोकसंख्या वाढत गेली तसे गोठे, कोठारं, रिकामी पडलेली चर्च, अगदी कोरडी टाकीसुद्धा राहायला घेतली गेली. टाकी बुजली, सांडपाणी साचलं. जी व्यवस्था ठरावीक माणसांसाठी होती, तिच्यावर कितीतरी पट भार पडला. आपल्याकडच्या जुन्या चाळींचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको.

त्या काळातलं एक गुहेतलं घर जसंच्या तसं मांडून ठेवलंय, ते तिकीट काढून बघता येतं. एकच खोली. मध्ये उंच पलंग, गादीत मक्याच्या पात्या भरलेल्या. पलंग उंच कशासाठी, तर जमिनीची ओल लागू नये आणि खाली कोंबड्या राहाव्यात. कपाटाचे खण रात्री ओढून त्यात लहान मुलांना निजवायचं. जेवायला एकच मोठी ताटली, सगळ्यांनी तिच्यातूनच खायचं. आणि त्याच खोलीच्या मागच्या अंगाला खेचर बांधलेलं. खेचर म्हणजे घरची कमाई, ते बाहेर ठेवून कसं चालेल? खिडकी नाही. उजेड आणि हवा जे काही येईल ते दारातून.

कार्लो लेवी नावाचा तुरीनचा एक चित्रकार-डॉक्टर होता. मुसोलिनीच्या राजवटीला विरोध केला म्हणून १९३५ मध्ये त्याला या प्रदेशात स्थानबद्ध करून ठेवलं. त्याची बहीणही डॉक्टर. भावाला भेटायला येताना ती मातेरा बघून आली. तिथली हिवतापाने पोटं फुगलेली, डोळे चिकटलेली मुलं तिने पाहिली. ती तिच्यामागे धावत पैसे मागत नव्हती, क्विनीन मागत होती. लेवीने हे सगळं १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्त एबोलीलाच थांबला' या पुस्तकात लिहिलं आणि इटलीभर खळबळ उडाली. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती इथे येऊन गेले आणि मातेराला 'राष्ट्राची लाज' हे नाव चिकटलं. पाठोपाठ १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी आले. मे १९५२ मध्ये कायदा झाला : सासीतली राहण्यायोग्य नसलेली घरं रिकामी करायची आणि लोकांना नवी घरं द्यायची. पुढच्या दीड दशकात पंधरा हजारांहून अधिक माणसं हलवली गेली.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. आजारी घरातून माणसांना बाहेर काढलं, चांगलं झालं. पण आमच्या वाटाड्या बाईंनी आम्हाला एका छोट्या चौकात थांबवलं आणि तिथून पुढची गोष्ट सुरू झाली.

तो चौक म्हणजे सात-आठ घरांच्या मधलं सामाईक अंगण. मधोमध टाक्याचं तोंड, कपडे धुवायचा दगड आणि बसायला कट्टा. सगळ्या घरांची दारं या अंगणात उघडणारी. त्याला 'विचिनातो' म्हणतात, म्हणजे शेजार. आत अंधार असल्यामुळे बायका दिवसभर अंगणातच. एकीचं बाळ दुसरी पाजायची, शेतावर गेलेलीची मुलं तिसरी सांभाळायची. भाकरीएवढं नव्हे तर चांगलं उशीएवढं पावाचं धूड घरी मळायचं आणि गल्लीच्या सामाईक भट्टीत द्यायचं. कोणाचा पाव कोणता हे कळावं म्हणून घराच्या नावाची अक्षरं कोरलेला लाकडी ठसा पिठावर उमटवायचा. आठवडाभर तो पाव पुरायचा. १ ऑगस्टला, सुगी संपली की प्रत्येक घरातून मूठ-मूठ गहू, हरभरे, वाटाणे, मसूर, बटाटे यायचे आणि अंगणात एकाच हंड्यात शिजायचे. त्याला 'क्रापियाता' म्हणतात. भांडणंही तिथेच व्हायची, हे त्या बाईंनी आवर्जून सांगितलं. "सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. लपवायला जागाच नव्हती!"

गंमत म्हणजे सरकारलाही हे ठाऊक होतं. १९५० च्या सुमारास फ्रीडमान नावाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक अमेरिकेतून आला. ऑलिव्हेत्ती हे नाव आपल्यातल्या ज्येष्ठांना टाइपरायटरमुळे आठवत असेल. त्या कारखान्याचे मालक आद्रियानो ऑलिव्हेत्ती यांच्या पुढाकाराने या प्राध्यापकासह डॉक्टर, इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ असा एक अभ्यासगट बसला. घरं कशी आहेत एवढंच न बघता लोक एकमेकांबरोबर कसे राहतात, हे त्यांनी नोंदवलं. लुदोविको क्वारोनी या वास्तुशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मातेरापासून काही किलोमीटरवर 'ला मार्तेल्ला' नावाचं नवं गावच आखलं. रस्ते मुद्दाम वळणाचे, थोडी-थोडी घरं जवळजवळ, प्रत्येक घराला जोडून गोठा, म्हणजे खेचर जवळ पण झोपायच्या खोलीत नाही. १९५३ मध्ये दे गास्पेरींच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. देशभरातल्या वास्तुशास्त्रज्ञांनी या कामाचं कौतुक केलं.

तरी ते जमलं नाही. घरं देणारं खातं वेगळं आणि शेतजमीन वाटणारं वेगळं, त्यांचा मेळ बसेना. काहींना घर मिळालं पण कसायला पुरेशी जमीन नाही. बहुतेक कुटुंबं तर शहरालगतच्या नव्या वसाहतींत, मजल्यांच्या इमारतींत गेली. आणि घरं देताना जुने विचिनातो एकत्र राहिले नाहीत. एका अंगणातली सात घरं सात ठिकाणी विखुरली. नकाशावर अंगण काढता आलं, त्यात बसणारी माणसं मात्र वेगळी होती.

आमच्या वाटाड्या बाईंची आई लहानपणी अशीच हलली. त्यांनी सांगितलं, "आईला नवं घर फार आवडलं. नळ सोडून ती पाण्याकडे बघत बसायची. दिवा लावायची, बंद करायची. पण आजी रोज सकाळी खुर्ची उचलून इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसायची. घरात नळ, संडास, खिडकी, सगळं होतं. ती म्हणायची, इथून कोणीतरी जाईल." मी विचारलं, "मग आजीला परत सासीत जावंसं वाटायचं का?" त्या म्हणाल्या, "छे! तिची दोन मुलं तिथे गेली होती. ती त्या बाजूला परत कधी फिरकली नाही." मला वाटतं, मातेराबद्दल मी जे काही वाचलं त्यात हे उत्तर कुठेच इतकं स्वच्छ नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात होत्या.

रिकामी सासी मग बंद करून टाकली. वर्षानुवर्षं तिथे कोणी राहिना. छपरं कोसळली, चित्रं असलेल्या चर्चमध्ये चोऱ्या झाल्या. पाडून टाका असंही लोक म्हणत. पण १९५९ मध्ये गावातल्या काही तरुण मंडळींनी 'ला स्कालेत्ता' नावाचं मंडळ काढलं आणि खडकातली चर्च शोधून त्यांची नोंद करायला सुरुवात केली. पासोलिनी या दिग्दर्शकाने १९६४ च्या येशूवरच्या चित्रपटातलं जुनं जेरुसलेम इथे चित्रित केलं. १९८६ मध्ये नवा कायदा झाला, दुरुस्तीसाठी १०० अब्ज लिरा मंजूर झाले आणि सरकारी मालकीची घरं दुरुस्त करून राहणाऱ्यांना दीर्घ मुदतीने दिली जाऊ लागली. १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. आणि जे गाव 'लाज' म्हणून रिकामं केलं, तेच २०१९ मध्ये 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' झालं! शेवटच्या जेम्स बाँडची गाडीही या गल्ल्यांतून धावली आहे.

आज त्या गुहांत हॉटेलं आहेत. आम्हीही एका गुहेतच राहिलो. उबदार दिवे, गुळगुळीत फरशी, आत न्हाणीघर. रात्री जाग आली तेव्हा वाटलं, याच कोपऱ्यात खेचर उभं असेल. सकाळी बाहेर अंगणात आलो. टाक्याचं तोंड होतं, कट्टा होता, कुंड्यांत लाल फुलं होती. सहा दारं. सहाही दारांवर आकड्यांचं कुलूप, कारण सगळ्याच खोल्या प्रवाशांच्या. दगड वाचला. शेजार काही परत आला नाही.

आता ते कारण सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही गिरगावातल्या चाळीतून या सोसायटीत राहायला आलो. दीड खोली, सामाईक संडास, पावसाळ्यात गळकं छप्पर. तिथून निघताना मला कणभरही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमची आई सहा वर्षं इथे राहिली. सुरुवातीच्या काळातल्या सभासदांना आठवत असेल, ती दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसायची. मी कामावरून यायचो आणि चिडायचो. "अगं आई, ही चाळ नाही. दार लाव, लोक काय म्हणतील?" एक दिवस तिने दार लावलं ते लावलंच. मला वाटलं, रुळली. त्या इटालियन आजीची गोष्ट ऐकली तेव्हा कळलं की मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तू कोणाची वाट बघतेस? आता विचारायची सोय नाही.

गेल्या दोन सर्वसाधारण सभांत पुनर्विकासावर आपण तासन्‌तास बोललो. माझं मत सगळ्यांना माहीत आहे. खांबांचं प्लॅस्टर पडतंय, गच्ची गळते, इमारत नवी झालीच पाहिजे. जुन्याचं कौतुक करणाऱ्यांनी वरच्या मजल्यावरच्या ओल आलेल्या खोलीत एक जुलै काढावा. पण वाढीव चटईक्षेत्र, कॉर्पस, पार्किंग, जिम यावर बोलताना एका मुद्द्यावर कोणीच बोललं नाही. नव्या इमारतीतली घरं लॉटरीने वाटायची असं कच्च्या मसुद्यात आहे. म्हणजे आज एका मजल्यावर राहणारी, एकमेकांकडे किल्ल्या ठेवणारी, कोविडमध्ये एकमेकांच्या दारात डबे ठेवणारी चार घरं उद्या चार वेगवेगळ्या मजल्यांवर जातील. मातेरात नेमकं हेच झालं.

म्हणून कमिटीला माझी जाहीर विनंती आहे. लॉटरी काढायचीच असेल तर एकेका घराची न काढता मजल्यांची काढा. ज्यांना शेजार बदलून हवाय त्यांनी तसं खुशाल सांगावं, तेही असतीलच! आणि आपल्या पिंपळाखालच्या कट्ट्याएवढी जागा नकाशात आजच दाखवायला लावा. पुढच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. मातेराला जायचं असेल तर सपाट तळाचे बूट घ्या, पायऱ्या फार आहेत. माहिती हवी असेल तर संध्याकाळी सहानंतर या. दार उघडंच असतं हल्ली.

— एक सभासद, बी विंग